सोनकीचा उतार

फार फार वर्षांपूर्वी, एका उंच डोंगरावर लहानसं गाव होतं. पाऊस ओसरला की गावापुढचा सगळा उतार सोनकीच्या रानफुलांनी पिवळाधमक व्हायचा. या गावात सोयरीक साखरेनं ठरत नसे. मुलीच्या बापानं सोनकीचा ताजा मध मुलाच्या आईच्या तळहातावर ठेवायचा. तिनं तो चाखला की लग्न पक्कं!

गावच्या पाटलाच्या लेकीला राजधानीतलं स्थळ सांगून आलं. झालं, पाटलाला आपल्याच गावाची लाज वाटू लागली.

"त्यांच्याकडे बागा असतात, बागा! आणि आपल्या दारात हे रान माजलेलं. लोक हसतील."

त्यानं माणसं लावून आठ दिवसांत सगळी सोनकी उपटून काढली.

"अहो, मधमाश्यांनी खायचं काय?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"एवढा डोंगर पडलाय. मिळेल त्यांना कुठंतरी."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्यासाठी आधी शहाणं असावं लागतं ना!

दसऱ्याला सोयरे येणार, त्याच सकाळी मध काढणारा कड्यावरून रिकाम्या हातांनी परतला.

"पाटील, माश्या पोळं सोडून गेल्या. थेंबसुद्धा नाही."

पाटलाच्या पायाखालची जमीन सरकली. घाईघाईनं त्यानं वाटीत गुळाचा पाक ओतला.

मुलाच्या आईनं तळहात पुढं केला. पाक चाखला आणि ती थांबली.

"हा गूळ आहे, पाटील. उतारावरची फुलं कुठं गेली? मीही डोंगरातलीच लेक. हा मध पुन्हा चाखायला मिळेल म्हणून तर एवढी वाट चढून आले."

दारात उभ्या असलेल्या लेकीनं मान खाली घातली. ते पाहून पाटलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच उपटली," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही हसाल म्हणून."

"हसले नसते. पण फसवलंत, ते लागलं. मध येईल तेव्हा निरोप धाडा. तोवर सोयरीक नाही."

सोयरे गेले. पाटील कडेकपारी हिंडला, लांबलांबच्या सोनकीचं बी गोळा करून स्वतःच्या हातानं उतारावर पेरत राहिला. माश्या परतल्या त्या तिसऱ्या वर्षी, तेव्हा कुठं सोयऱ्यांकडे मधाचा निरोप गेला. तेवढी वर्षं लेक घरातच थांबली. ती बापाला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्याला सोसवत नसे.

तात्पर्य: जो आपल्या मातीची लाज धरतो, त्याला एक दिवस आपल्याच माणसांपुढं मान खाली घालावी लागते.