पाण्याच्या काठी हात जोडू नयेत

"माझ्या दादाचा दोर सोडला कुणी?"

एका राज्यात, जिथे पाखरांना वाचा होती आणि तळ्यांत शापित खजिने होते, तिथे गोंदा पाणबुड्या दारोदार हेच विचारत फिरला.

त्याचा थोरला भाऊ हैबत राजाज्ञेने खजिना काढायला तळ्यात उतरला होता. काठावर चौघांनी त्याचा दोर धरला होता. इतक्यात राजाची स्वारी आली. राजा दिसला की हातातले टाकून हात जोडायचे, ही तिथली रीत. चौघांनी दोर टाकून हात जोडले. राजानेही उलट जोडले. हैबत बुडाला, आणि खजिन्याच्या शापाने राज्यातले सारे जोडलेले हात तसेच चिकटले. प्रधान ताटात तोंड घालून भात खाऊ लागला. गोंदा तेवढा मोकळा राहिला. तो पैलतीरी नावेला राळ भरत होता.

तळ्याकाठी खंड्या पक्षी त्याला म्हणाला, "भोवरा ओलांड, तळाचे दार उघड, दोर धरणारा आण. प्रेत वर येईल, शाप सुटेल."

"प्रेत म्हणू नकोस. दादा म्हण."

"बरे. दादा."

गोंदाने तिथेच उडी घेतली. लहानपणी हैबतने त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत ढकलले होते, आणि एके दिवशी न सांगता भोपळा सोडून घेतला होता. गोंदा शिव्या देत राहिला आणि तरंगत राहिला. आता तो भोवऱ्याशी झुंजला नाही. त्याच्यासंगे फिरत तळाला गेला.

तिथे मिट्ट काळोख. हैबतने पुढे त्याला डोळे बांधून चिखलातले शिंपले शोधायला लावले होते. त्याच बोटांनी त्याने दाराची कडी चाचपून काढली. आत हैबत होता, पण एकट्याने हलेना.

गोंदा ओलाचिंब दरबारात शिरला.

"आधी हात जोड!" चोपदार ओरडला.

"तुम्ही जोडलेत तेवढे पुरेत. राजा, ऊठ. दोर धरायचाय."

"माझे हात असे चिकटलेले!"

"दोर मावतो त्यात."

काठावर त्याने राजाच्या तळव्यांमध्ये दोर खुपसला. गोंदा कामाला लागला त्या दिवशी हैबतने त्याला बजावले होते, तेच त्याने राजाला बजावले, "खाली माझा जीव आहे. नाक खाजले तरी सोडायचे नाही."

दोराचे दुसरे टोक घेऊन गोंदा पुन्हा तळाला गेला. खालून हिसका आला. दोर घसरला, राजाचे तळवे सोलले. दुसरा हिसका आला. काठावरचे लोक सवयीने वाकले. "वाकताय काय, मेल्यांनो!" खंड्या किंचाळला. तिसऱ्या हिसक्याला राजाने कळवळून हात ओढले, ते सुटले, आणि सुटताच त्याने दोर मुठींत आवळला. साऱ्या राज्याचे हात सुटले. शेकडो हातांनी दोर ओढला.

हैबत वर आला. खजिना तळाशीच राहिला. पाण्याच्या काठी कुणी कुणाला हात जोडू नयेत, अशी राजाने दवंडी पिटवली.

"दोर सोडला कुणी?" गोंदाने पुन्हा विचारले.

राजाने मान खाली घातली. "ह्याला माझ्या पालखीतून नेऊ."

"हात लावाल तर याद राखा."

गोंदाने भावाला खांद्यावर घेतले आणि घरी नेले. तळ्याचे पाणी फार गार होते, म्हणून चूल पेटवून त्याने त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घातले.