चौथ्या व्यापाऱ्याची भेसळ

सुगंधी तेले तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत एकदा एक तरुण वृद्ध गुरूंच्या हाताखाली शिकायला आला. बुद्धी तल्लख, पण उतावळेपणाला बांध नाही. वाळ्याच्या तेलाचा थेंब ईथर नावाच्या द्रावकात पातळ करून यंत्रात सोडला, की यंत्र त्यातला एकेक घटक वेगळा काढते आणि कागदावर प्रत्येकाचे शिखर उमटवते. ही विद्या त्याला महिन्याभरातच अवगत झाली होती.

एके दिवशी तीन व्यापाऱ्यांच्या तेलांत त्याला एक अनोळखी शिखर दिसले. तिन्हींत तेच, त्याच जागी. शिष्याला परम हर्ष झाला. एवढी मोठी चोरी पकडण्याचे भाग्य पहिल्याच वर्षी कुणाला लाभते? बाहेर बाकावर त्या तिघांपैकी एक व्यापारी बसला होता. त्याला तो सांगूनही आला, "शेठ, तुमच्या तेलात भेसळ आहे. अहवाल गेला की परवाना गेला समजा." व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

अहवाल सहीसाठी गुरूंपुढे आला. त्यांनी तो वाचला, तिन्ही शिखरांची उंची पट्टीने मोजली आणि सही न करताच आत जाऊन एक कुपी भरून आणली. वर चिठ्ठी होती : व्यापारी क्रमांक चार.

"एवढं तपास. मग सही करतो."

तासाभराने शिष्य धापा टाकत परतला. "सर, हा तर महाठग निघाला. ते शिखर इथंही आहे, पण तेलाचा टिपूसही नाही. हा नुसती भेसळच विकतोय. नाव सांगा, याचाही अहवाल लिहितो."

"लिही. तुझ्या टेबलावरची ईथरची बाटली. कुपी तिच्यातूनच भरली."

शिष्याने जाऊन ती बाटली आणली.

गुरू म्हणाले, "ईथर फार दिवस ठेवलं तर बिघडतं, आणि बिघडलेलं ईथर स्फोट करतं. म्हणून बनवणारे त्यात किंचित रक्षक द्रव्य घालतात. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. तुला तिघांत दिसलेला चोर हा आपलाच राखणदार. शिवाय तिन्ही शिखरं एकाच उंचीची. अरे, तीन व्यापाऱ्यांचं चहाच्या साखरेवर एकमत होत नाही, ते भेसळ एका मापानं करतील?"

"मग हे ईथर टाकून देतो, सर. रक्षक नसलेलं मागवू."

"म्हणजे शिखर जाईल आणि एखाद्या दिवशी छप्परही जाईल. राखणदाराला हाकलायचं नसतं, ओळखून ठेवायचं. रोज आधी नुसतं ईथर यंत्रात सोड. त्यात दिसेल ते आपलं. ते वजा करून उरेल, त्याचाच जाब दुसऱ्याला विचार."

शिष्याने अहवाल फाडला. मग तो बाहेर गेला आणि हात जोडून म्हणाला, "शेठ, तेल शुद्ध आहे. दोष माझ्या तपासणीचा होता."

शेठने मोठा निःश्वास सोडला. "देव पावला. पण साहेब, मगाशी तुम्ही आत गेलात आणि मी मेहुण्याला फोन लावला. तेल तोच भरतो ना. नाही नाही ते बोललो त्याला, कामावरून काढलंसुद्धा. आता माझं तो ऐकायचा नाही. तुम्हीच सांगा." आणि त्याने फोन पुढे केला.

मेहुणा पंधरा मिनिटे बोलत होता. शिष्याने सारे ऐकून घेतले. मग तो आत गेला, नुसत्या ईथरचा एक थेंब यंत्रात सोडला आणि कागदावर आपल्याच राखणदाराचे शिखर उमटेपर्यंत तिथेच बसून राहिला.