स्वस्त पटाश्या आणि मामांचा हात

आठवीतच शाळा सुटली, म्हणून शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्यावेत.

वृंदाचं स्थळ सांगून आलं, तेव्हा तिला घेऊन तिचे विश्वंभरमामा माझा सुतारकामाचा कारखाना बघायला आले. तिच्या घरात मामांचाच शब्द शेवटचा. बाजारात वाजवून, पारखून घेतलेल्या माझ्या लाकूड कोरायच्या स्वस्त पटाश्या बघून त्यांनी नाक मुरडलं.

"माझ्याकडे परदेशी पटाश्यांची पेटी आहे, मखमलीची! असल्या भंगारावर आमची मुलगी कशी नांदेल?"

वृंदा म्हणाली, "मामा, जरा बाही वर करा. आणि तुम्हीही करा हो."

आम्ही दोघांनी बाह्या वर केल्या.

"माझे बाबा सुतार होते. पटाशीला धार लावली की हातावरचे केस भादरून बघायचे. यांच्या हातावर एक केस नाही. आणि मामा, तुमच्या हातावर जंगल माजलंय! तुमच्या पटाश्या नुसत्या मखमलीत नांदतात. मला तसं नांदायचं नाही."

मामा आपल्या हाताकडे बघत राहिले आणि खो खो हसत सुटले. "ठरलं गं बाई लग्न!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन पेटीतल्या सगळ्या पटाश्यांना धार लावली. तपासायला माझ्या हातावर केस नव्हते, म्हणून मी मामांचा हात मागितला.