शेटखडकापर्यंतची फेरी

इथं धक्क्याच्या टोकाला या, म्हणजे नीट दिसेल. खाडीच्या तोंडाशी, जिथं पाण्याचा रंग बदलतो, तिथं एक काळा, पाठ वाकवून बसल्यासारखा खडक आहे. भरतीला तो जवळजवळ बुडतो. पौर्णिमेच्या उधाणाला तर त्याच्यावर नुसता फेस दिसतो. त्याला आम्ही शेटखडक म्हणतो. या देवखारी बंदरातून पावसाळ्यानंतर जे जहाज पहिल्यांदा माल घेऊन बाहेर पडतं, मग ते गलबत असो, लाँच असो की लोखंडी बार्ज, त्याला आधी या खडकापर्यंत एक फेरी मारावी लागते. पूर्ण माल भरून. आणि त्या फेरीत जहाजाचा मालक वर उभा राहत नाही. तो चपला धक्क्यावर काढतो आणि खाली, माल ठेवतात तिथं, तळाशी जाऊन बसतो. फेरी झाल्याशिवाय खलाशी सफरीसाठी नांगर उचलत नाहीत.

हे कसं सुरू झालं ते मी माझ्या आजोबांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या चुलत्याकडून. किती वर्षं झाली ते नक्की कोणी सांगू शकत नाही. बंदरात वाफेची बोट आली नव्हती, तेव्हाची गोष्ट.

त्या काळी इथं केसोशेट नावाचे व्यापारी होते. त्यांची दोन गलबतं होती. आपल्या डोंगरातला जांभा चिरा तेव्हा फार नावाजलेला होता, आणि वरच्या बंदरांत घरं, देवळं उठत होती. केसोशेटांची गलबतं चिरे भरून जात. माणूस वाईट नव्हता, असंच सगळे सांगतात. खलाशाच्या घरी लग्न असलं की पहिला नारळ त्यांच्याकडून जायचा. देवाधर्माचं सगळं वेळेवर. फक्त एक होतं. स्वतः ते कधी गलबतात बसले नव्हते. कुठं जायचं तर घाटानं, पालखीतून. समुद्र त्यांनी धक्क्यावरूनच पाहिला होता.

त्यांच्या थोरल्या गलबतावर भिकाजी तांडेल होता. त्या गलबताची सगळी जबाबदारी त्याच्यावर. माघ महिन्यात हे गलबत चिरे घेऊन निघालं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. अकरा माणसं गेली, भिकाजी त्यांत होता. दोघांचीच प्रेतं किनाऱ्याला लागली. वारा नव्हता, वादळ नव्हतं. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत होता म्हणे. आणि तेच भिकाजीच्या नावाला लागलं. लोक म्हणू लागले, एवढ्या शांत पाण्यात गलबत बुडतं कसं? तांडेलाला झोप लागली असेल. खडकावर घातलं असेल. कोणी म्हणालं, प्यायला असेल. दहा घरांतली माणसं त्याच्याबरोबर गेली होती. त्या घरांतल्या बायका विहिरीवर आल्या, की भिकाजीच्या बायकोला, येसूला, जागा सोडून उभं राहावं लागे.

येसू काथ्याचे दोर वळायची. दोर वळता वळता ऐकून घ्यायची. तिला एक गोष्ट ठाऊक होती. गलबत बुडण्याच्या आदल्या उन्हाळ्यात भिकाजी एकदा घरी येऊन न जेवता बसला होता. तळाच्या फळ्या किडीनं आतून पोखरल्या आहेत, बदलल्याशिवाय चिरे भरता येणार नाहीत, असं तो शेटना सांगून आला होता. शेट म्हणाले होते, हा हंगाम जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. पण नवऱ्याची बाजू घेणाऱ्या विधवेवर कोण विश्वास ठेवणार? तिनं ते फक्त धाकूला सांगितलं. धाकू भिकाजीच्या हाताखाली तयार झालेला, आता धाकट्या गलबताचा तांडेल. त्यानंही ते पुढं कोणाला सांगितलं नाही.

केसोशेट त्या अकरा माणसांसाठी खरंच रडले होते. त्यांनी दिवस घातले, देवळात दीपमाळ बांधली. समुद्राचा कोप झाला, असं ते सगळ्यांना सांगत, आणि हळूहळू त्यांनाही ते पटलं होतं.

वैशाखात धाकट्या गलबताचा तळ पाहून धाकूही त्यांच्याकडे गेला. त्यालाही तेच उत्तर मिळालं. वरच्या बंदरात चिऱ्यांची वाट पाहत आहेत, जो पहिला पोचेल त्याचा माल घेतील, पुढच्या वर्षी बघू. धाकूनं फटींत कापूस आणि राळ भरली. जेवढं होण्यासारखं होतं तेवढं केलं. नाही म्हणावं, तर दुसरा कोणी तांडेल तयार झाला असता आणि धाकू भित्रा ठरला असता. घरात खाणारी सात माणसं होती.

श्रावण पौर्णिमा आली. एरवी पूजा होते आणि गलबतं दोन-चार दिवसांनी निघतात. केसोशेटांना त्याच दिवशी निघायचं होतं. पावसाळाभर शाकारून ठेवलेलं गलबत आठवड्यापूर्वीच पाण्यात ढकललं होतं आणि काठोकाठ चिरे भरले होते. दुपारी भरती पुरी झाली. धक्क्यावर सगळं गाव होतं. केसोशेट नवं धोतर नेसून, खांद्यावर रेशमी उपरणं टाकून, हातात नारळ घेऊन पायरीवर आले.

तेवढ्यात येसू पुढं आली. अशा पूजेला विधवेनं पुढं येण्याची रीत तेव्हा नव्हती. बायका तिला मागं ओढायला लागल्या. ती पायरीवर येऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, “शेट, नारळ तुम्ही गेल्या वर्षीही दिलात. या वर्षी तुम्ही बसा.”

“कुठं?” शेटनी विचारलं.

“खाली. चिरे आहेत तिथं. त्या खडकापर्यंत जाऊन परत या. मग धाकूला जा म्हणा.”

शेटनी धाकूकडे पाहिलं. गलबत चांगलं आहे, शेटना कशाला त्रास, असं तो म्हणेल अशी त्यांची अपेक्षा असावी. धाकूनं गलबतावर चढायची फळी त्यांच्या पायाशी सरकवली.

केसोशेट गेले ते धैर्यानं नव्हे, लाजेनं, असं आमचे आजोबा सांगत. सगळं गाव बघत होतं. खडकावरचा फेस तर समोर दिसत होता, जाऊन यायला असा किती वेळ लागणार.

आत गेल्यावर मात्र त्यांना काही दिसेना. माशाच्या तेलाचा वास, अंधार, आणि चिऱ्यांच्या राशीच्या कडेला बसण्यापुरती जागा. गलबत हललं तसं त्यांच्या तळव्यांना पाणी लागलं. त्यांनी वर हाक मारून विचारलं. धाकूचा आवाज आला, “येतं ते, शेट. रोजच येतं.” दोन खलाशी उतरले आणि बादल्यांनी पाणी उपसायला लागले. पाणी घोट्यापर्यंत आलं. उपसत होते तरी आलं.

खाडीचं तोंड ओलांडताना बाहेरची मोठी लाट लागते, ती तुम्ही आत्ताही इथून बघू शकता. त्या लाटेनं गलबत उचललं आणि खाली टाकलं. वर एवढ्या चिऱ्यांचं वजन. केसोशेटांच्या पाठीशीच एक फळी करकरली आणि बोटभर फट पडली. पाणी जिभेसारखं आत आलं. त्यांनी आधी हातानं ते दाबलं, मग पाठ लावली, मग खांद्यावरचं उपरणं ओढून फटीत कोंबलं. उपरणं आत आलं आणि त्याच्यामागून फळीचा तुकडाही आला. हातात घेतला तर भाजलेल्या पापडासारखा मोडला.

धाकूनं वरून विचारलं, “शेट, चिरे टाकू का? माल तुमचा आहे.”

“टाक,” शेट म्हणाले.

त्यांनी स्वतः चिरे उचलून वर दिले. बोटं सोलली, रक्त आलं. पण गलबत जड होत चाललं होतं आणि मागं वळायला वेळ नव्हता. धाकूनं सुकाणू फिरवलं आणि माणसं वाचावीत म्हणून गलबत मुद्दाम या खडकावर नेऊन घातलं. शेट, धाकू आणि सात खलाशी, सगळे खडकावर उतरले. उधाणाचं पाणी अजून ओसरायचं होतं, कंबरेइतक्या पाण्यात ते एकमेकांना धरून उभे राहिले. शेटना पोहता येत नव्हतं. धाकूनं त्यांचं धोतर आपल्या कंबरेच्या दोराला बांधलं. किनाऱ्यावरून छोटे मचवे निघाले होते, पण खडकापाशी लाट फुटत होती, पाणी उतरेपर्यंत जवळ येणं शक्य नव्हतं.

तिथं, त्या पाण्यात, त्यांच्यात बोलणं झालं. बरोबरच्या खलाशांनी ते ऐकलं म्हणून आपल्यापर्यंत आलं.

शेट म्हणाले, “तुला ठाऊक होतं?”

“मी तुम्हांला वैशाखात सांगितलं होतं.”

“मग आलास कशाला?”

“तुम्ही पाठवलंत म्हणून,” धाकू म्हणाला.

उन्हं कलली, ओहोटीनं खडक उघडा पडला, तेव्हा मचवे लागले. केसोशेट पहिल्या मचव्यातून आले की शेवटच्या, याबद्दल दोन मतं आहेत. त्यांच्या घराण्यातले लोक शेवटच्या म्हणतात. आम्ही खारवी, दर्यावर जाणारे, पहिल्या म्हणतो. मला स्वतःला वाटतं पहिल्याच. माणूस घाबरलेला होता.

पण तो घरी गेला नाही, याबद्दल दुमत नाही. घरच्या माणसांनी कोरडं धोतर आणलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. ते पायरीवर बसून राहिले. सगळे खलाशी परत आले, नऊच्या नऊ माणसं मोजली गेली, तेव्हा ते उठले आणि येसूपुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, “भिकाजीनं मला सांगितलं होतं. फळ्या कुजल्यात म्हणून. मीच पाठवलं.”

येसू रडली नाही. तिनं मागं वळून पाहिलं. मागं त्या दहा घरांतल्या बायका उभ्या होत्या.

“मागच्यांना ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “परत सांगा.”

केसोशेटांनी परत सांगितलं. या वेळी मोठ्यानं, आणि त्या बायकांकडे तोंड करून. मग येसू घरी गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिच्यासाठी एका बाईनं रहाट धरला, एवढंच त्याबद्दल सांगतात.

केसोशेटांनी ग्रामदेवतेपुढं शब्द दिला, की माझं कुठलंही गलबत मी आधी तळाशी बसून बघितल्याशिवाय या बंदरातून जाणार नाही. मी नसेन तेव्हा माझा मुलगा बसेल. दीपमाळेवर कोपाचं काही कोरलं होतं म्हणे, ते त्यांनी खरवडून काढलं आणि तिथं अकरा नावं घातली. भिकाजीचं पहिलं. पुढं दुसऱ्या व्यापाऱ्यांनाही खलाशी तेच विचारू लागले: तुमचे शेट बसणार का? नाही म्हणणाऱ्याला तांडेल मिळेना. अशी रीत पडली. मोठ्या ओहोटीला शेटखडकाच्या पायथ्याशी चौकोनी दगड दिसतात, शेवाळ चढलेले. ते तेच चिरे, असं आम्ही मानतो.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. दुसऱ्या वर्षी नव्या सागवानी फळ्यांचं गलबत तयार झालं. शेट तळाशी बसून खडकापर्यंत जाऊन आले. पाय फारसे भिजले नव्हते. सगळे खूश होते, वाजंत्री लागली होती. येसू पुन्हा पायरीवर आली आणि तिनं एवढंच विचारलं, “शेट, उद्या परत बसाल?”

केसोशेट लगेच हो म्हणणार होते. मग थांबले. त्यांनी म्हणे धाकूला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, आणि गलबतातले चाळीस चिरे उतरवायला लावले. ते उतरल्यावर म्हणाले, “आता बसेन.”

आजही फेरीहून आलेल्या मालकाला धक्क्यावरच अडवतात. चपला घालायच्या आत, पाय ओले असतानाच. तांडेलांच्या घरांतली सगळ्यांत वयस्क बाई त्याला तेच विचारते. गेली नऊ वर्षं माझी बहीण विचारते. हल्ली मालक शहरातले असतात, कंपनीच्या वतीनं कोणी साहेब येतो. त्याच्या हातात तपासणीचे सगळे कागद असतात, सही-शिक्क्याचे. ती कागद बघत नाही, तिला वाचता येत नाही. ती विचारते, “साहेब, उद्या परत बसाल?” आणि थांबते. चार वर्षांपूर्वी एका बार्जच्या साहेबानं बराच वेळ आपल्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नाही म्हणाला. त्याला कोणी हसलं नाही, कोणी बोल लावला नाही. माझ्या बहिणीनं त्याला बसायला पाट दिला, चहा दिला. बार्ज महिनाभर इथंच उभी राहिली. त्याच दुपारी वेल्डरला फोन गेला होता.