मोहरीच्या पोटातलं विष

"अगं, मोहरीच्या पोटात विष आहे, म्हणून तर शेजारची मेथी..." साळुंकी चिमणीला सांगत होती. तेवढ्यात वारा सुटला आणि पुढचं काही खाली चरणाऱ्या शेळीला ऐकूच आलं नाही. फार मागची, शिसं वितळवणाऱ्या भट्टीमागच्या मळ्यातली ही गोष्ट.

शेळी तडक मोहरीपाशी गेली. "मेथी बिचारी एवढीशी, आणि तिच्यावर आकस धरतेस? थांब, तुला खाऊनच टाकते!"

"तोंड आवर शेळीमावशी, मरशील!" मोहरी ठसक्यात म्हणाली. "भट्टीचं शिसं मातीत उतरतं. ते मी मुळांनी ओढून पानांत कोंडून ठेवते, म्हणून तर मेथीला ते कमी बाधतं."

शेळीने वासलेलं तोंड मिटलं. विष पोटात होतं हे खरंच. आकस तेवढा तिने पदरचा घातला होता.