कमळाची बिस्किटं

“माई, पाईचा तळ बाजारातून तयार आणलेला? आपल्या मठात?”

मेलेला उंदीर धरावा तशी निरंजनानं फॉइलची रिकामी ताटली दोन बोटांत धरली होती.

माई स्वयंपाकघरात पाटावर बसून स्ट्रॉबेरीची पाई खात होत्या. पाचगणीच्या आमच्या मठाच्या त्या गुरू. पण गोडाचं ताट पुढे आलं की त्यांना कुणाचीच पर्वा नसे.

“हो रे. बिस्किटाचा चुरा, लोणी, सगळं दाबून बसवलेलं मिळतं. वर आपली स्ट्रॉबेरी ओतली की झालं. खातोस?”

“मी? शिव शिव!”

हा निरंजन आधी हॉटेलात बेकरी शिकला आणि मग विरक्त झाला. विरक्ती आली, पण तोरा काही गेला नाही. वाईच्या शाखेत गुरू म्हणून बसायची त्याला भारी घाई. माई त्या दिवशी हो की नाही ते सांगणार होत्या, आणि पठ्ठ्या पुरावा म्हणून स्वतःच्या हातची पाई घेऊन आला होता.

“यात बाजारचं काही नाही,” तो म्हणाला. “गहू मी दळला. लोणी मी काढलं. तळाची बिस्किटंसुद्धा मीच भाजली, एकेकावर कमळ कोरून. साधना म्हणतात ती हीच, माई.”

“वा! काप बघू.”

त्यानं सुरी घातली. पाई हलली, कलंडली, आणि लाल रस भळाभळा त्याच्या पांढऱ्या धोतरावर आला.

ताटलीत उरली बिस्किटं. अख्खी. कमळांसकट.

“निरंजना, चुरा कुठाय?”

तो धोतरावरचा रस पुसू लागला.

“कुटायची असतात ना रे ती?”

“माई...” त्याचा आवाज चिरकला. “बत्ता उचलला होता. पण फोडवेनात हो. इतकी देखणी झाली होती!”

“आणि बाजारची असती तर?”

“ती काय, कुणाचीही. दणादण कुटली असती.”

माई हसल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला. मलाही हसू आवरेना, पण त्याचा चेहरा पाहिला आणि वाईट वाटलं. बिचारा रडायच्या बेतात होता.

माईंनी खलबत्ता त्याच्यापुढे सरकवला. शेजारी त्यानंच आणलेल्या, उरलेल्या बिस्किटांचा डबा ठेवला.

डब्यातल्या कमळांवरून त्यानं एकदा बोट फिरवलं.

मग त्यानं एक बिस्कीट खलात टाकलं, डोळे मिटले आणि बत्ता हाणला. मग दुसरं. नाक ओढत, मुसमुसत त्यानं अख्खा डबा कुटला.

हात थांबले. चेहरा कसा निवळला होता! मला वाटलं, सुटला गडी.

त्यानं चिमूटभर चुरा उचलून उजेडात धरला.

“पाहिलंत, माई? पिठीसारखा! असा चुरा या मठात आजवर कुणाला जमला नसेल.”

माईंनी कपाळाला हात लावला.

“मग... वाईला जाऊ ना?”

माईंनी शेवटचा घास तोंडात टाकला. सावकाश चावला. बोटं चाटली.

“जा बाबा. पण तळ बाजारातूनच ने.”