पारड्यातली राजकन्या

दान बोलून ज्याने हात मागे घेतला, त्याने एका लेकराच्या पायाखालची जमीन काढून घेतली. भाव चढेल म्हणून जो थांबला, त्याने साऱ्या राज्याला थांबवून ठेवलं. तो कोण, हे ऐकणाऱ्याने आपल्यापुरतं ठरवावं.

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला दोन मुली. थोरली तारिणी, मनात आलं की उठून चालू लागणारी. धाकटी रेणू, तारिणीच्या मागे मागे पळणारी. त्या घराण्याची एक रीत होती. मूल पाच वर्षांचं झालं की त्याची तुला करायची. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात धन. काटा सरळ उभा राहिला की राजाने तळहातावर पाणी घ्यायचं, "हे सारं प्रजेचं" असं म्हणायचं आणि उदक सोडायचं. पाणी जमिनीला लागलं की दान पूर्ण झालं.

रेणूची तुला झाली. दुसऱ्या पारड्यात खाली सोनं, त्यावर चांदी आणि वर मूठभर हिरे. काटा सरळ झाला. राजाने तळहातावर पाणी घेतलं, "हे सारं प्रजेचं" म्हणाला. तेवढ्यात कोशाधिकारी वसुदत्त त्याच्या कानाशी वाकला.

"महाराज, चार दिवस थांबावं. भाव चढतो आहे. तेच दान उद्या मोठं होईल."

राजाने क्षणभर विचार केला आणि तळहातावरचं पाणी पुन्हा कलशात ओतलं. रास तिजोरीत गेली. दाई सगुणाने रेणूला पारड्यातून उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे राजवाड्याच्या कळसावर एक साळुंकी येऊन बसली. राजाने खिडकी उघडून सहज विचारलं, "काय गं, काय भाव?" साळुंकीने माणसाच्या आवाजात सोन्याचा, चांदीचा आणि हिऱ्यांचा भाव सांगितला. सोनं चढलं होतं. राजा हसला. आणि आत, झोपाळ्याच्या दोऱ्यांजवळ खेळत असलेल्या रेणूचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

त्या दिवसापासून तेच चाललं. भाव चढला की रेणू तरंगायची, पडला की अशी जड व्हायची की चौघींना हलायची नाही. आणि राज्य? राज्याने साळुंकीकडे कान लावले. लोकांनी बैल विकून सोनं घेतलं. चांदीचा भाव पळू लागला तशी सोनं देऊन चांदी घेतली. मग हिरे. मग शेजारच्या देशात कुणी मांत्रिक कोळशाच्या भट्टीत हिरे पिकवतो अशी बातमी आली आणि हिरे कोसळले. बातमी खोटी ठरली, पुन्हा चढले. नांगर भिंतीला टेकून राहिले. पहाट झाली की घराघरातून एकच आवाज उठे, "काय भाव?"

तारिणीला हे सोसवेना. एके सकाळी रेणू छताला जाऊन टेकली आणि वरून रडत म्हणाली, "ताई, मला खाली घे ना." छताला झरोका होता. तारिणीने तिला ओढणीने खांबाला बांधलं, घोड्यावर बसली आणि वाळूच्या डोंगरात राहणाऱ्या मांत्रिकिणीकडे गेली. तिथे एक वाघ शेपटीने अंगण झाडत होता. त्याने वाट दिली.

"शाप काढ," तारिणी म्हणाली.

"मी दिलेला नाही," घनवेला मांत्रिकीण म्हणाली. "तुझ्या बापाने उदक सोडलं नाही, म्हणून तुलेचा विधी संपलाच नाही. तुझी बहीण अजून पारड्यातच आहे. पलीकडचं पारडं जड झालं की ती वर जाते, हलकं झालं की खाली."

"मग आज सोडायला लावते!"

"आता ते एवढं सोपं नाही, मुली. सोनं अशा दिवशी दिलं पाहिजे, ज्या दिवशी त्याचा भाव कधी नव्हे इतका चढलेला असेल. चांदी अशा दिवशी, ज्या दिवशी ती सर्वांत खाली असेल. आणि हिरे अशा दिवशी, ज्या दिवशी त्यांना भावच नसेल."

"म्हणजे कवडीमोल होतील तेव्हा?"

"कवडी हाही भावच. आणि तिन्ही वेळा उदक तुझ्या बापाच्याच हातून सुटलं पाहिजे."

तारिणी परतली तेव्हा नगरात नगारे वाजत होते. सोन्याने आजवरच्या साऱ्या मर्यादा ओलांडल्या होत्या. ओढणीची गाठ सुटत आली होती आणि सगुणा दाई खांबाला मिठी मारून तिचं टोक धरून बसली होती.

"उद्या देऊ," राजा म्हणाला. "उद्या अजून चढेल."

"उद्या रेणू झरोक्याबाहेर असेल, बाबा."

राजाने वर पाहिलं. मग कलश मागवला. पाणी जमिनीला लागलं, सोनं दारातल्या लोकांत वाटलं गेलं, आणि रेणू दिव्याच्या उंचीपर्यंत खाली आली.

मग चांदी कधी नव्हे इतकी कोसळली. रेणूखालचा पलंग मोडला, फरशीला तडा गेला, तिला श्वास घेणं जड जाऊ लागलं. तारिणीने राजापुढे कलश धरला.

"महाराज, थांबलात तर तोटा केवळ बोलण्यातला आहे," वसुदत्त म्हणाला. "आज दिलंत तर तो खरा होईल."

"कोशाधिकारी, जे कधीच प्रजेचं झालं, त्यात आपला तोटा कसला हो?" तारिणी कडाडली. "आणि ती फरशी बघा. ती बोलण्यातली आहे का?"

राजाने उदक सोडलं आणि रेणूचा श्वास मोकळा झाला. नगर हसलं. पडत्या भावात हातचं सोडणारा राजा कुणी पाहिला नव्हता. राजाने मान खाली घालून ते हसू ऐकलं.

राहिले हिरे. तारिणीने धनुष्य घेतलं आणि साळुंकीवर बाण सोडला. बाण तिच्यातून धुरातून जावा तसा पार गेला.

"मला मारून काय होणार?" साळुंकी म्हणाली. "मला विचारतात, म्हणून मी सांगते."

तारिणीने धनुष्य खाली ठेवलं. ती दारोदार फिरली. "उद्या पहाटे विचारू नका. एवढी एक पहाट."

"आम्ही नाही विचारणार, ताईसाहेब," लोक म्हणाले. "पण शेजारचा विचारेल त्याचं काय?"

"शेजारचाही हेच म्हणाला."

तेव्हा कुणी ओशाळलं, कुणी हसलं. दारात वाटलेलं सोनं आणि चांदी ज्यांनी नेली होती, त्यांनी आधी शब्द दिला. मग त्यांच्या शेजाऱ्यांनी.

पहाट झाली. साळुंकी कळसावर येऊन बसली. कुणी विचारलं नाही. तिने मान वाकडी करून पाहिलं. एकही खिडकी उघडली नाही.

मग एक उघडली. राजाची. सवयीने हात गेला होता. तारिणी त्याच्या मागेच उभी होती. तिला त्याचं तोंड धरावंसं वाटलं. पण धरलं नाही. बळाने गप्प केलेल्या राजाच्या हातून उदक सुटणार नव्हतं. राजाचे ओठ हलले. खोलीच्या मध्यावर रेणू तरंगत होती, ना वर ना खाली, भाव ठरायची वाट बघत. साळुंकी पुढे झुकली.

राजाने खिडकीकडे पाठ फिरवली.

"रेणू," तो म्हणाला, "भूक लागली का गं?"

"लागली," रेणू म्हणाली. "खूप दिवसांची."

राजाने स्वतः कलश उचलला. त्याच्या बोटांतून पाणी गळून जमिनीला लागलं. दूर देवघरात ठेवलेल्या तुलेचा काटा आपोआप हलला आणि थांबला. रेणू धपकन खाली पडली, गुडघा खरचटला आणि तिने भोकाड पसरलं. साळुंकीने चोच उघडली, तर नुसती किलबिल बाहेर पडली. ती दचकली आणि घरट्यासाठी काडी शोधायला उडाली.

हिरे काचकाम करणाऱ्या कारागिरांनी नेले; त्यांना काच कापायला धार हवी होती. सोनं देऊन लोकांनी बैल परत आणले, नांगर पुन्हा शेतात नेले. वसुदत्ताने तिजोरीच्या किल्ल्या तारिणीच्या हाती दिल्या. राजाने आज्ञा केली की यापुढे तुलेच्या वेळी कलश पारड्याच्या आधी भरून ठेवावा आणि राजाच्या कानाशी कुणी वाकू नये.

आणि सगुणा दाईने रडणाऱ्या रेणूला कडेवर घेतलं, दोन पावलं चालली आणि कण्हत म्हणाली, "अगं बाई, केवढी गं जड झालीस! उतर खाली, कमरेत उसण भरली माझ्या."